एक स्पीकर येतो-जातो: जुन्या स्टिरिओतला दोष नेमका शोधायचा कसा

स्टिरिओ लावला की दोन्ही बाजू व्यवस्थित वाजतात. पंधरा-वीस मिनिटांनी डावी बाजू बारीक होत जाते, मधोमध उभा वाटणारा गायक हळूच उजवीकडे सरकतो आणि मग डावा स्पीकर पूर्ण गप्प होतो. आवाज मोठा केला की खर्रकन परत येतो. कमी केला की तासाभरात पुन्हा गायब. माझ्या जुन्या जोडीला हे दुखणं जवळजवळ दोन वर्षं होतं आणि त्या दोन वर्षांत मी ते चार वेळा ‘दुरुस्त’ केलं.

पहिल्यांदा स्पीकरची वायर काढून परत घातली. तीन आठवडे सगळं ठणठणीत. दुसऱ्यांदा बॅलन्सचा नॉब चार-पाच वेळा इकडून तिकडे फिरवला, महिनाभर चाललं. तिसऱ्यांदा वैतागून डावा खोका उघडला आणि ट्विटरच, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर, बदलून टाकला. चौथ्यांदा वूफरच्या, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, कडेचा फोम नवा लावला, कारण तसाही तो कुजायला आला होता. दर वेळी आवाज परत आला आणि दर वेळी मला वाटलं, जमलं बुवा. प्रत्यक्षात दर वेळी मी स्पीकरला आवाज पुरवणारा अ‍ॅम्प बंद करून चालू केला होता, कुठली तरी वायर हलवली होती, आणि तेवढ्यावर तो दोष काही दिवस दडून बसला होता.

कायमचा बंद पडलेला स्पीकर तपासणं सोपं असतं. सकाळी तपासा, रात्री तपासा, तो बंदच सापडतो. लूज कॉन्टॅक्टचं तसं नाही. हात लावला की तो सुधारतो आणि श्रेय त्या वेळी हातात असलेल्या वस्तूला मिळतं. म्हणून आवाज गेला की लगेच उठून काही हलवू नका. दोन मिनिटं बसून नुसतं ऐका. पूर्ण गेलाय की बारीक झालाय? फक्त झांजा, टाळ असे वरचे सूर गेलेत की खालचा दमदारपणा गेलाय? खरखर आहे का? तापल्यावरच जातो की चालू करतानाच? आवाज वाढवल्यावर परत येतो का? ही उत्तरं कागदावर लिहून ठेवा. चार दिवसांनी आठवणीवर विसंबलात तर घोळ होतो, माझा झालाय.

मी तिसऱ्यांदा जे केलं त्यातला मूर्खपणा या प्रश्नांनी लगेच उघडा पडला असता. माझा अख्खा स्पीकर गप्प होत होता, वूफर आणि ट्विटर दोन्ही. खोक्याच्या आत क्रॉसओव्हर नावाची छोटी पाटी असते, ती खालचे सूर वूफरकडे आणि वरचे ट्विटरकडे पाठवते. तिथून पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या. दोघंही एकाच क्षणी गप्प होत असतील, तर बिघाड वाटा फुटण्याच्या आधी असणार: मागचं टर्मिनल, वायर, अ‍ॅम्प किंवा त्याच्याही मागे. ट्विटर बदलून काही होणार नव्हतं. पण तेव्हा हातात स्क्रूड्रायव्हर होता आणि समोर चार स्क्रू दिसत होते.

अदलाबदल करण्याआधी एक मोजमाप

डावा-उजवा स्पीकर आलटून पालटून पाहा, हा सल्ला सगळेच देतात आणि तो बरोबर आहे. फक्त त्याआधी एक खात्री करायला हवी, ती फार कमी लोक सांगतात. काही बिघाडांत अ‍ॅम्पच्या एका बाजूतून गाण्याच्या जोडीने डीसी, म्हणजे एकाच दिशेचं, व्होल्टेज बाहेर पडू लागतं. ते स्पीकरची कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) तापवून जाळू शकतं. अशा बाजूला तुम्ही तपासण्यासाठी म्हणून चांगला स्पीकर जोडलात, तर तोही गेला.

मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवा. अ‍ॅम्प बंद करून दोन्ही स्पीकर काढा, आवाजाचा नॉब शून्यावर आणा, मग अ‍ॅम्प चालू करा आणि मीटरच्या दोन टोकांनी एका बाजूच्या लाल-काळ्या टर्मिनलवर मोजा. टोकं घसरून एकमेकांना चिकटणार नाहीत एवढं बघा. काही मिनिटं थांबून आकडा स्थिर झाला की नोंदवा. पन्नास मिलिव्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त राहा. शंभराच्या वर असेल तर अ‍ॅम्प तपासून घ्यायला हवा. व्होल्टांत आकडा दिसला तर त्या बाजूला काहीही जोडू नका, पुढचं वाचायचीही गरज नाही, अ‍ॅम्प जाणकाराकडे न्या.

हे सगळं ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पबद्दल. तुमचा अ‍ॅम्प व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, असेल तर स्पीकर काढून तो चालवूच नका. स्पीकरचा भार नसताना सिग्नल गेला की त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर धोक्यात येतो. आणि कुठल्याही जातीचा असो, स्पीकरच्या वायरींना हात लावताना अ‍ॅम्प बंद हवा. चालू असताना तांब्याचा एक केस जरी लालवरून काळ्यावर टेकला, तरी आउटपुटचे ट्रान्झिस्टर उडू शकतात.

दोष कुणाबरोबर जातो

आता अदलाबदल. अ‍ॅम्प बंद करा. अ‍ॅम्पच्या मागे डाव्या स्पीकरची वायर उजव्या टर्मिनलला लावा, उजव्याची डाव्याला. लाल-काळा क्रम जपा. स्पीकर जागेवरून हलवायचे नाहीत. आता डाव्या स्पीकरला अ‍ॅम्पची उजवी बाजू वाजवते आहे.

पुन्हा आवाज गेला तेव्हा उजवा स्पीकर गप्प झाला असेल, तर स्पीकर आणि त्याच्या वायरी निर्दोष. दोष अ‍ॅम्पमध्ये किंवा त्याच्या मागे. डावाच गप्प झाला, तर दोष वायरीत किंवा खोक्यात.

दुसऱ्या परिस्थितीत पुढची पायरी सोपी आहे. जोडण्या पूर्वीसारख्या करा आणि दोन खोक्यांच्या जागा बदला, म्हणजे डावा खोका उचलून उजव्या वायरीला लावा. मौन खोक्याबरोबर गेलं तर खोका दोषी, जागेवरच राहिलं तर वायर.

पहिल्या परिस्थितीत अ‍ॅम्पच्या इनपुटकडे वळा. स्पीकरच्या वायरी आधी मूळ जागी आणा, हे विसरू नका. मग अ‍ॅम्पच्या मागे त्या इनपुटच्या लाल आणि पांढऱ्या आरसीए पिना आपसात बदला. मौनाने बाजू बदलली तर दोष प्लेअरमध्ये, टर्नटेबलमध्ये किंवा त्या पिनांच्या वायरीत. जिथल्या तिथेच राहिलं तर अ‍ॅम्पमध्ये. टर्नटेबल असेल तर सुईच्या वरच्या हेडशेलमधल्या चार बारीक रंगीत वायरींवर आधी संशय घ्या. त्यांच्या चिमुकल्या क्लिपा वर्षानुवर्षांत सैल पडतात.

एका संध्याकाळी मी घाईत स्पीकरच्या वायरींच्या दोन्ही टोकांची, अ‍ॅम्पकडची आणि खोक्याकडची, अदलाबदल एकदम केली. दोन उलट मिळून सुलट, त्यामुळे मौन पुन्हा डावीकडेच दिसलं आणि मी खोक्याला दोष देऊन मोकळा झालो. फोम लावायची कल्पना तिथूनच निघाली. एका वेळी एकच बदल, एवढंच पाळायचं असतं, आणि तेवढंच पाळलं जात नाही.

येणाऱ्या-जाणाऱ्या दोषात आणखी एक अडचण आहे. अदलाबदलीसाठी अ‍ॅम्प बंद-चालू केला की दोष नाहीसा होतो, त्यामुळे लगेच निकाल मिळत नाही. उलट जोडून तसंच राहू द्या, चार दिवस, आठ दिवस. अ‍ॅम्पवर एक चिठ्ठी डकवा: ‘वायरी उलट आहेत’. दुखणं पुन्हा उपटलं की ते कुणाच्या अंगावर निघालंय हे बघायचं, बास. तपास म्हणजे बहुतांशी वाट पाहणं आहे, हे कबूल करायला मला दोन वर्षं लागली.

या काळात ऐकायला मोनोचं बटण दाबून ठेवा. दोन्हीकडे एकच सिग्नल जातो आणि तुलना सरळ होते. स्टिरिओच्या सुरुवातीच्या काळातल्या बऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये गाणारा एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला असत. गायक थांबला की स्पीकर गेल्यासारखा वाटतो. शिवाय मोनो दाबल्यावर बंद बाजू पुन्हा वाजू लागली, तर दोष त्या बटणाच्या मागे आहे, म्हणजे प्लेअर, इनपुट किंवा निवडीचा स्विच, आणि पुढचा अ‍ॅम्प व स्पीकर धड आहेत. दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करणाऱ्या या एका बटणाने माझा बराच वेळ वाचवला असता, पण मी ते कधी दाबलंच नव्हतं.

हेडफोनही कामाला येतात. डावा स्पीकर गप्प असताना हेडफोनमध्ये डावीकडे आवाज येत असेल, तर अ‍ॅम्पची आतली यंत्रणा बहुधा ठीक आहे आणि दोष तिथून स्पीकरपर्यंतच्या वाटेत आहे. बऱ्याच जुन्या अ‍ॅम्पमध्ये हेडफोनचा आवाज स्पीकरच्या रिलेआधी (रिले म्हणजे स्पीकर आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) घेतलेला असतो, म्हणून ही खूण उपयोगी पडते. मात्र काहींमध्ये हेडफोनची पिन घातली की स्पीकर बंद करणारा पत्र्याचा कॉन्टॅक्ट जॅकमध्येच असतो, आणि तो काळा पडला की एक स्पीकर येऊ-जाऊ लागतो. अ‍ॅम्प बंद ठेवून पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. एवढ्याने फरक पडला तर चोर सापडला.

आवाज वाढवल्यावर परत येतो म्हणजे काय

माझ्या अदलाबदलीत मौन उजवीकडे गेलं. म्हणजे दोन वर्षं मी ज्या खोक्यावर शस्त्रक्रिया करत होतो तो निर्दोष होता. इनपुटच्या पिना बदलल्या, काही बदललं नाही. हेडफोनमध्ये दोन्ही बाजू छान. उरली अ‍ॅम्पमधली शेवटची वाट: रिले आणि दोन स्पीकर-जोड्यांतली निवड करणारा ए-बीचा स्विच.

आवाज वाढवल्यावर परत येणं ही मळलेल्या कॉन्टॅक्टची मोठी खूण आहे. रिलेत आणि स्विचमध्ये धातूचे दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकतात. त्यांच्यावर वर्षानुवर्षं हवेतल्या वायूंमुळे आणि ठिणग्यांमुळे काळपट थर साचतो. आपण त्याला ‘कार्बन आलाय’ म्हणतो. तो थर वीज नीट वाहू देत नाही. हळू आवाजातलं व्होल्टेज अगदी कमी असतं, त्याला तो पार करता येत नाही. आवाज वाढवला की व्होल्टेज वाढतं, थर कुठे तरी फुटतो आणि वाट मोकळी होते. पुन्हा हळू वाजवत बसलात की तीच वाट हळूहळू बंद होते. म्हणून हा रोग हळू आवाजात ऐकणाऱ्यांना जास्त छळतो. दणक्यात वाजवणाऱ्याला तो असल्याचा पत्ताच लागत नाही.

अ‍ॅम्प चालू केल्यावर काही सेकंदांनी आतून ‘टक’ असा आवाज येतो, तो रिलेचा. चालू होतानाचा धक्का स्पीकरला बसू नये म्हणून तो थोडा उशिरा जोडतो, आणि डीसी बाहेर पडू लागलं तर सोडतो. हे काम तो वर्षानुवर्षं दिवसातून दोन-चार वेळा करतो. झिजणारच.

पण रिलेला हात घालण्याआधी बाहेरून साफ करता येण्यासारखं सगळं साफ करा, कारण लक्षण सगळ्यांचं सारखंच असतं. अ‍ॅम्प बंद, प्लग काढलेला. प्रत्येक स्विच तीस-चाळीस वेळा खाली-वर: ए-बी, टेप मॉनिटर, मोनो, लाउडनेस. टेप मॉनिटरचं बटण विशेष, कारण अनेक वर्षांत ते कुणी दाबलेलंच नसतं आणि सगळा सिग्नल मात्र त्याच्यातून जातो. नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत तेवढ्याच वेळा फिरवा. काही जुन्या अ‍ॅम्पच्या मागे प्री-आउट आणि मेन-इन अशी भोकं असतात आणि त्यात यू आकाराच्या धातूच्या पिना घातलेल्या असतात. त्या उपटून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि घट्ट परत घाला. एका बाजूची पिन काळी पडली की एक बाजू जाते. अ‍ॅम्प उघडायची गरज नसलेली ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती. या पिना नको असलेला पत्रा समजून कुणी काढून टाकल्या, तर त्या बाजूला आवाजच येत नाही.

नुसतं फिरवून फरक पडला पण टिकला नाही, तर कॉन्टॅक्ट क्लीनर लागेल. झाकण उघडून नॉबच्या मागच्या धातूच्या डबीतल्या फटीत नळीने थोडासा मारायचा, वीस-तीस वेळा फिरवायचं आणि पूर्ण वाळेपर्यंत अ‍ॅम्प चालू करायचा नाही. थोडासा म्हणजे खरंच थोडासा. गंजलेले नटबोल्ट सोडवायचा तेलकट स्प्रे इथे मारू नका. त्या दिवशी खरखर थांबते, पुढे त्या चिकट थरावर धूळ बसते. झाकण उघडण्याबद्दलही एक सूचना: प्लग काढला तरी आतले मोठे, वीज साठवणारे कपॅसिटर काही काळ भरलेले असतात. काढून लगेच बोटं घालू नका. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये तिथे शेकडो व्होल्ट असतात. त्या वाटेला सवय नसेल तर जाऊच नका.

मी हे सगळं केलं. स्विचच्या साफसफाईने दहा दिवस मिळाले, अकराव्या दिवशी डावी बाजू पुन्हा बारीक. मग रिलेचं पारदर्शक टोपण काढून पाहिलं. एका कॉन्टॅक्टवर काळा ठिपका भिंगाशिवाय दिसत होता.

रिले साफ करता येतो. जाडसर कागदाची पट्टी आयसोप्रोपिलमध्ये बुडवायची, दोन कॉन्टॅक्टच्या मधे सरकवायची, बोटाने हलका दाब देऊन ओढायची, कागद काळा येणं थांबेपर्यंत. सँडपेपर किंवा कानस मुळीच नाही, वरचा चांगल्या धातूचा मुलामा खरवडला गेला की पुढच्या वेळी रोग लवकर येतो. तरी साफ केलेल्या रिलेवर माझा फारसा भरवसा नाही. निदान पक्कं करायला तो प्रयोग चांगला: साफ केल्यावर महिने न महिने त्रास झाला नाही तर गुन्हेगार ठरला. मग नवा घाला. नवा घेताना तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: कॉइलचं व्होल्टेज (माझ्यात २४ होतं, रिलेच्या अंगावरच छापलेलं असतं), कॉन्टॅक्टची अँपिअरची क्षमता आणि पायांची मांडणी. तिसरी न जुळणारा रिले घेऊन मी एकदा परत आलोय.

सोल्डरिंगचा हात असेल तर पाटी उघडलीच आहे म्हणून जड भागांचे सोल्डरचे डाग बघून घ्या: रिलेचे पाय, स्पीकरची टर्मिनलं, तापणारे ट्रान्झिस्टर. पायाभोवती केसाएवढी गोल भेग दिसली, तर तिथला जोड तापल्यावर सुटतो आणि गार झाल्यावर जुळतो. ‘पंधरा मिनिटांनी जातो’ या तक्रारीमागे अशी भेगही असू शकते. जुना डाग काढून नवा द्या.

वायर

इथे फार वेळ घालवू नका. टोकाचं तांबं काळं किंवा हिरवट झालं असेल तर सेंटिमीटरभर कापून टाका, नवं टोक सोला, घट्ट पीळ द्या. स्प्रिंगच्या क्लिपेत प्लॅस्टिकचं आवरण चावलं गेलं नाही ना आणि एखादा सुटा केस शेजाऱ्याला टेकत नाही ना, हे बॅटरीच्या उजेडात बघा. आतून तुटलेली वायर शोधायची तर दोन्ही टोकं सुटी करून एका टोकाला दोन तारा एकत्र पिळा, दुसऱ्या टोकाला ओहम मोजा आणि वायर हाताने चाचपत जा. घरातल्या लांबीच्या चांगल्या वायरीला आकडा एका ओहमच्या खाली, आणि स्थिर. कपाटाखाली दबलेल्या जागी तो उडी मारतो.

खोक्यातला दोष असेल तर

अदलाबदलीत मौन खोक्याबरोबर फिरलं असेल, तर मात्र खोका उघडणं रास्त आहे. त्याआधी मागच्या टर्मिनलचे नट आतून सैल झालेत का बघा. अख्खा खोका येत-जात असेल तर तेच बहुतेक वेळा निघतं, किंवा तिथून क्रॉसओव्हरला जाणारी वायर.

फक्त वरचे सूर गेले असतील, तर कागदाची नळी कानाला लावून ट्विटरसमोर धरा. वूफरचा आवाज वगळून फक्त ट्विटर ऐकता येतो. खोक्याच्या पुढे किंवा मागे ट्विटरचा आवाज कमी-जास्त करायचा नॉब असेल, तर पहिला संशय त्याच्यावर. १९७० च्या दशकातल्या अनेक स्पीकरवर असे नॉब असत, लोक ते एकदा लावून विसरून जात, आणि आतली पट्टी त्याच जागी काळी पडते. जागा बदलली की आवाज खरखरत परत येतो. अ‍ॅम्प बंद करून पुष्कळ वेळा फिरवा, लागला तर क्लीनर.

मीटरने मोजताना एक फसगत ठरलेली. मागच्या टर्मिनलवर मोजलेला ओहम हा वूफरचा असतो, ट्विटरचा नाही. ट्विटरच्या वाटेवर कपॅसिटर बसवलेला असतो आणि मीटरची डीसी त्यातून जात नाही. टर्मिनलवर आकडा उत्तम दिसतोय म्हणून ट्विटर उत्तम, असं धरू नका. त्याची एक वायर सोडवून थेट त्याच्या दोन पायांवर मोजा. आठ ओहमचं लेबल असलेल्या युनिटचा (वूफर किंवा ट्विटरचा) आकडा साधारण साडेपाच ते सात येतो, चार ओहमच्याचा तीन-साडेतीन. लेबलपेक्षा कमी येणं हे बिघाडाचं लक्षण नव्हे. काहीच आकडा नाही, म्हणजे कॉइल तुटली. पुस्तकी आकड्यापेक्षा उजव्या खोक्यातल्या त्याच युनिटचा आकडा जास्त विश्वासाचा. चालू जोडी मोजपट्टी म्हणून शेजारीच उभी आहे, तिचा उपयोग करा.

ट्विटर धड आहे पण आवाज मिटमिटा, तर क्रॉसओव्हरवरचा कपॅसिटर बघा. जुन्या खोक्यांत तो बहुधा नॉन-पोलर (अधिक-उणे बाजू नसलेला) इलेक्ट्रोलिटिक असतो, आतला ओलावा सुकत जातो आणि गुण बदलतात. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्या किंवा जास्त व्होल्टचा घ्या, पण नॉन-पोलरच. खणात पडलेला साधा, एका पायावर उणेची खूण असलेला चालणार नाही. फिल्मचा टाकला तर तो टिकतो, आकाराने मोठा असतो आणि वरचे सूर जरा धारदार वाटू शकतात. काहीही टाका, दोन्ही खोक्यांत टाका. एका बाजूला नवा आणि एका बाजूला जुना ठेवलात तर येण्या-जाण्याऐवजी कायमचा कल मागे लागेल.

वूफरसाठी दीड व्होल्टचा साधा सेल पुरतो. दोन तारांनी वूफरच्या पायांना क्षणभर टेकवा आणि लगेच काढा. धप आवाज येतो आणि कोन (वूफरचा शंकूसारखा पडदा) हलतो. सेलचा अधिक लाल खुणेला लावला तर तो सहसा बाहेर येतो. जेबीएल कंपनीच्या जुन्या युनिटांत हे उलटं असे, तेव्हा घाबरू नका. ट्विटरवर थेट सेल लावू नका.

वूफर येत-जात असेल तर कोनाकडून टर्मिनलकडे येणाऱ्या विणलेल्या लवचिक तारा बघा. कोनाच्या प्रत्येक धक्क्याबरोबर त्या वाकतात आणि वर्षांनी वळणाशी तुटतात, वरून मात्र अखंड दिसतात. मीटर ओहमवर लावून ठेवा, दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सरळ आत दाबा आणि आकडा बघा. उडी मारली तर तार गेली. तिच्या जागी तसलीच विणलेली तार लावा, साधी वायर कडक असते, काही दिवसांत तुटते. दाबताना खरवडल्यासारखं लागलं तर कॉइल घासते आहे, ते वेगळं आणि जास्त किचकट दुखणं.

कडेच्या फोमबद्दल एवढंच: बोट लावल्यावर चुरा होत असेल तर बदलावा लागेल, दोन्ही वूफरचा. पण कुजलेला फोम घरघरतो, फडफडतो, खालचे सूर पातळ करतो. स्पीकर गप्प करून पंधरा मिनिटांनी परत आणणं हे त्याचं काम नाही. मी चौथ्यांदा जे केलं ते चांगलंच काम होतं, फक्त दुसऱ्याच रोगावरचं.

सगळं परत जोडल्यावर मोनो लावा, दोन्ही खोके जवळ आणून एकमेकांसमोर ठेवा आणि एका खोक्याच्या वायरी उलटसुलट करून बघा. खालचे सूर ज्या जोडणीत भरदार येतात ती बरोबर. उघडझाक करताना लाल-काळं बदलणं फार सहज घडतं, आणि मग माणूस पुन्हा दोष शोधायला बसतो.

माझ्या अ‍ॅम्पला नवा रिले बसून आता चौदा महिने झाले. डावी बाजू एकदाही गेली नाही, रात्री अगदी हळू आवाजातही. ‘वायरी उलट आहेत’ची चिठ्ठी कालपर्यंत तशीच डकवलेली होती. ती काढताना खणात डाव्या खोक्यातला जुना ट्विटर सापडला, तो सहज मोजला. ५.९ ओहम, उजव्यातल्याइतकाच. जोडी पुन्हा एकसारखी व्हावी म्हणून तो परत बसवला, आणि विकत घेतलेला आता खणात आहे.